पहिला फोटो कापसाचा

आपा, कॅमेऱ्यातलं कार्ड उतरवलं. दोन्ही जागी उतरवलं. आधी तुला हे सांगायचं होतं, म्हणून लिहायला बसले. तोंडाने बोलले असते तर आपल्या बोलीत बोलले असते. लिहायला मला शाळेतली मराठीच येते, तीही चौथीपर्यंतची. तू हसू नको.

घर आता रिकामं झालं. पाहुणे गेले. शेजाऱ्यांची पातेली घासून परत दिली. तुझा चाळिसावा दिवस अजून व्हायचा आहे, तेव्हा पुन्हा सगळे येतील. मधल्या या दिवसांत कामं फारशी नाहीत, तरी अंग दुखतं. बसलं की उठवत नाही. तुझा भाऊ दुकानात कापूस पिंजायचं मशीन लावतो आणि मध्येच बंद करून बसतो. आवाज थांबला की मला मागच्या खोलीत कळतं. मी जाऊन काही विचारत नाही. तोही विचारत नाही.

मी लग्न होऊन शहाद्याला या घरात आले तेव्हा तू, माझी मोठी नणंद, सासर सोडून परत आलेली होतीस आणि गळ्यात कॅमेरा होता. मला वाटलं होतं नणंद म्हणजे स्वयंपाकात मीठ शोधणारी. तू पहिल्याच आठवड्यात मला कॉम्प्युटरसमोर बसवलंस. वायर जिथे लावायची तिथे नेलपॉलिशचा लाल ठिपका दिलास. पिवळं पाकीट उघडायचं, सगळं धरायचं, ओढून दुसऱ्या पाकिटात सोडायचं. मग हिरवी पट्टी सरकते. ती पूर्ण होईपर्यंत वायरला हात लावायचा नाही. हे झालं की तेच काळ्या डबीत, म्हणजे हार्डडिस्कमध्ये. मला एवढंच शिकवलंस आणि म्हणालीस, "दोन जागे उतरस नही तवलोंग पुसानं नही." दोन जागी उतरल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही. नमाजाची वेळ चुकली तर तू मला कधी बोलली नाहीस, पण हे चुकू दिलं नाहीस.

तू दारातून आत यायचीस ती चप्पल काढण्याआधी कार्ड काढायचीस. मी पाण्याचा ग्लास पुढे केला की म्हणायचीस, "भाभी, पाणी मंग. पह्यले कार्ड उतार." मी एका हाताने कणीक मळायचे आणि दुसरा पुसून वायर लावायचे. पट्टी सरकायची आणि तू ओट्याजवळ पाट घेऊन जेवायला बसायचीस. मग लग्नाची गंमत सुरू. कुठल्या मावशीने स्वतःचा एकटीचा फोटो काढून घेण्यासाठी नवरीला बाजूला सरकवलं. कोणाची सासू जाडी दिसू नये म्हणून तू तिला खांबामागे अर्धी उभी केलीस. मी तोंडावर पदर धरून हसायचे. ज्या लग्नांना मी कधी गेले नाही त्यांची सगळी माणसं मला माहीत होती. बाजारात एखादी बाई दिसली की मी मनात म्हणायचे, ही खांबामागची.

तू फक्त बायकांकडचं काम घ्यायचीस. आपल्या लोकांत लग्नात बायका एकीकडे बसतात, डोक्यावरची ओढणी काढून, मेंदी लावून, नाचून. तिथे पुरुष फोटोवाला चालत नाही. म्हणून शहादा, नंदुरबार, तळोदा, सगळीकडून तुला बोलावणं यायचं. आणि ऑर्डर घेताना तू प्रत्येक घरच्या आईला एकच शब्द द्यायचीस, की फोटो काढणारी बाई, उतरवणारी बाई, बनवणारी बाई, कोणा परक्या पुरुषाची नजर यावर पडणार नाही. उतरवणारी म्हणजे मी. तू माझं नाव घ्यायचीस तेव्हा मला लाज वाटायची. बरंही वाटायचं.

आपलं भांडण त्या कच्च्या फोटोंवरून. तू साधे फोटो काढायचीच नाहीस, कॅमेऱ्याला कच्चेच, इंग्रजीत रॉ म्हणतात ते, काढायला लावायचीस. एकेक फोटो इतका जड की पट्टी मुंगीसारखी सरकायची. काळी डबी भरून जायची. साधे काढले तर दहा लग्नं मावतील तिथे दोन मावायची. मी म्हणायचे, लोकांना काय कळतं, साधे काढ, तुझंही काम वाचेल. तू म्हणायचीस, केळी झाडावर पिकलेली आणत नाहीत, कच्ची कापतात, मग आपल्या हिशोबाने पिकवतात. फोटोही आधी कच्चा घ्यायचा, घरी आणून पिकवायचा. मी म्हणायचे, केळीला कॉम्प्युटर लागत नाही. तू चिडायचीस.

खरं कारण तू खूप उशिरा सांगितलंस. एका लग्नात तू हात धुवायला गेलीस तेवढ्यात नवरीच्या कोणा चुलतभावाने कॅमेऱ्यातून कार्ड काढून मोबाइलला लावलं. आतल्या बायकांचे फोटो पाहायचे होते त्याला. त्या दिवशी नेमके कच्चे होते, त्याच्या मोबाइलवर नुसते पांढरे चौकोन आले. त्याने कार्ड गुपचूप परत ठेवलं. एका मुलीने पाहिलं आणि तुला सांगितलं. तेव्हापासून तू साधा फोटो काढलाच नाहीस. तू म्हणालीस, "कच्चा शेतस तवलोंग कोनले दिखतस नही." कच्चे आहेत तोवर कोणाला दिसत नाहीत. मी त्यानंतर डबी भरली म्हणून कुरकूर केली नाही. पण तू बरोबर होतीस हेही कधी म्हटलं नाही. आता म्हणते.

दुसरं भांडण पिकवण्याचं. ते तू एकटीच करायचीस. मला बसवायचा प्रयत्न केलास, मी उठून जायचे. सगळं इंग्रजीत, आणि इतक्या बायकांचे चेहरे इतके मोठे समोर. मला त्यांच्याकडे एकटक बघायचीही लाज वाटायची. मी म्हणायचे, माझं काम उतरवण्यापर्यंत. तू म्हणायचीस, मी नसले तर. मी म्हणायचे, तू कुठे जातेस. हे इतक्या वेळा झालं की शेवटी शेवटी आपण दोघी अर्धंच वाक्य बोलायचो. तू म्हणायचीस, "मी नसनू तं", आणि मी पोळी तव्यावर टाकायचे.

त्या शेवटच्या लग्नावरून आलीस तेव्हा तू आधी चप्पल काढलीस. मला तेव्हाच कळायला हवं होतं का, ठाऊक नाही. बॅग खुंटीला लावलीस, पाणी मागितलंस आणि भिंतीला टेकलीस. मी वायर घ्यायला वळले तर म्हणालीस, "आज ऱ्हाऊ दे भाभी. सकाय उतारजो." उद्या उतरव. इतक्या वर्षांत तू उद्या म्हटलं नव्हतंस. मला वाटलं, दमली. दमलीच होतीस. तुझ्या पायांवर चादर टाकली आणि मी भाजी चिरायला गेले.

पुढचं तुला माहीत आहे. तुला माहीत नाही तेवढं सांगते.

तुला शेवटची आंघोळ घालायला आम्ही बायकाच होतो. तुझ्या भावाने दुकानातून हाक मारून विचारलं, कापूस कोणता देऊ. आपल्या घरात हा प्रश्न रोजचा, रजईला कोणता, गादीला कोणता, उशीला कोणता. मी दाराआडून म्हटलं, आपा बॅगेत ठेवते तो. त्याने त्याच पोत्यातला आणला.

मग सगळ्यांना तुझा फोटो हवा झाला. तुझ्या बहिणीला सुरतला न्यायचा होता. घर शोधलं, आपा. हजारो बायकांचे फोटो काढलेस तू, आणि तुझा एक सापडला नाही. आधार कार्डावरचा आहे, त्यात तू ओळखू येत नाहीस. तुझी बहीण रडता रडता म्हणाली, जिच्या हातात कॅमेरा तीच कशी राहून गेली. मला तेव्हा काही आठवलंच नाही.

बॅग खुंटीलाच होती. सगळ्यांची नजर चुकवून मी ती पाहायचे. कार्ड आत होतं आणि मी हात लावत नव्हते.

मग त्या लग्नाचे लोक आले. नवरीची आई आणि मोठा भाऊ. बिचारे आधी तुझ्यासाठी दुआ करून गेले होते, फोटोचा विषय काढला नव्हता. या वेळी काढावाच लागला. नवरी निलोफर सासरी भरूचला गेली आहे. लग्नाच्या त्या दिवशी बायकांकडचे फोटो दुसऱ्या कोणीच काढलेले नाहीत, मोबाइल सगळ्यांचे दारातच गोळा केले होते. तुझीच अट ती. म्हणजे त्या घराकडे मुलीच्या लग्नाचा, तिच्या आईसोबतचा एकही फोटो नाही. जे आहे ते त्या कार्डात.

निलोफरचा भाऊ पुढच्या खोलीत बसला. आई माझ्याजवळ आत. तुझ्या भावाने बॅग उतरवून कार्ड काढून त्या मुलाला दिलं. त्याने स्वतःचा लॅपटॉप आणला होता. मी पडद्याच्या फटीतून पाहत होते. पांढरे चौकोन आले, एकाखाली एक, सगळे सारखे. त्याचा चेहरा उतरला. तो म्हणाला, कार्ड बिघडलंय. सुरतला एक माणूस आहे, बिघडलेल्या कार्डातून फोटो काढून देतो, त्याच्याकडे नेतो. आईने माझा हात धरला. फोटो गेले म्हणून की ते सुरतच्या माणसापुढे उघडणार म्हणून, मला कळलं नाही. दोन्ही असेल.

तुझा भाऊ म्हणाला, "दी टाकूत ना. आते आपलाघर कोन शे ते कराले?" देऊन टाकू, आता आपल्याकडे करायला आहे कोण. त्याच्या आवाजात राग नव्हता. तो फार थकलाय, आपा. त्याला तुझी कुठलीही वस्तू डोळ्यासमोर नको झाली आहे.

मी परक्या पुरुषासमोर कधी बोलले नाही हे तुला माहीत आहे. दूधवाल्यालाही मी दारामागून पातेलं देते. तेव्हाही बाहेर आले नाही. पडदा धरूनच बोलले. "कार्ड खराब नही," मी म्हटलं. "फोटो कच्चा शेतस. आपानी जबान दिएल शे. मी उतारसू."

मुलगा भला होता. त्याने पडद्याकडे न बघता विचारलं, भाभी, तुम्हाला जमेल का, बहिणीचे हे एवढेच फोटो आहेत. मला हो म्हणता येईना. तेव्हा त्याची आई उठली, बाहेर गेली, त्याच्या हातातून कार्ड घेतलं आणि आत आणून माझ्या तळहातावर ठेवलं. मुलाला एवढंच म्हणाली, आपण जुम्याला येऊ.

ते गेल्यावर तुझा भाऊ पडदा बाजूला करून माझ्याकडे पाहत राहिला. मला वाटलं रागावेल. त्याने विचारलं, "तुले पिकाडता येस?" मी म्हटलं, नाही. तो दुकानात गेला आणि मशीन लावलं. त्या दिवशी ते मध्ये बंद पडलं नाही.

उतरवणं झालं. ते माझ्या हाताला माहीत आहे. लाल ठिपका थोडा खरवडला गेलाय, पण आहे. पट्टी सरकली, कणीक मळून झाली, पट्टी सरकतच होती. तुझा पाट मी भिंतीला उभा करून ठेवलाय, तिकडे बघितलं नाही. एका जागी झालं, मग काळ्या डबीत झालं.

पिकवायला बसले तर सगळं हिरवं. शामियाना हिरवा असणार. नवरी हिरवी, आई हिरवी, बिर्याणी हिरवी. निलोफर अशी दिसत होती जशी पित्त झालेली. मला तुझं काम पाठीमागून पाहून आठवत होतं तेवढं केलं. डोळ्यात औषध टाकायच्या नळीसारखं ते चिन्ह आहे, ते उचलायचं आणि पांढऱ्यावर टिचकी मारायची की रंग जागेवर येतात, एवढं मला ठाऊक होतं. मी नवरीच्या मोगऱ्यावर मारली. सगळे निळे झाले. कोणाच्या तरी ओढणीवर मारली, गुलाबी झाले. एका म्हातारीच्या दातांवर मारली. ती म्हातारी जांभळी झाली आणि मी एकटीच बसून हसले. मग हसू थांबेना, आणि मग ते हसू राहिलं नाही.

खरं सांगते. मला माहीत होतं पांढरं कुठे आहे. पहिल्याच फोटोत. मी तो उघडत नव्हते.

प्रत्येक ऑर्डरचा तुझा पहिला फोटो तोच असायचा. नवरी समोर यायच्या आधी, त्याच जागी, त्याच उजेडात, तू डावा हात पुढे धरायचीस आणि हातात पिंजलेला कापूस. कागद निळसर असतो, रुमाल धुऊन पिवळा पडतो, कापूस खरा, असं म्हणायचीस. लोक यासाठी रंग जुळवायचा करडा पुठ्ठा विकत घेतात आणि तू कापूस धरतेस, म्हणून तुझ्या भावाने तुझी थट्टा केली होती, की पिंजाऱ्याची पोर कॅमेराही कापसाने भरते. तू म्हणालीस, "कापूसवर टिचकी मार, बाकीनं मंग आपोआप व्हई जास."

मी तो उघडला. हिरवा हात, हिरवा कापूस. करंगळीवर भाजल्याचा डाग, तव्याचा, माझ्याच तव्याचा. अंगठ्याचं नख तुटलेलं. नळी उचलली आणि कापसावर टिचकी मारली.

आपा, हिरवं निघून गेलं. जसा कोणी मांडवच उचलला. तुझा हात हाताच्या रंगाचा झाला. मग सगळ्यांना तेच लावायचं बटण तू कुठे दाबायचीस ते आठवलं, उजवीकडे खाली, आणि एकामागून एक सगळ्या बायका आपापल्या रंगाच्या झाल्या. निलोफरचा जोडा, लग्नाचा पोशाख, लाल होता. मला तोवर माहीतच नव्हतं.

मी लगेच उठले नाही. काळ्या डबीतली जुनी पाकिटं उघडली. प्रत्येकात पहिला फोटो. तुझा हात. एका उन्हाळ्यात काळवंडलेला, एका ईदनंतर मेंदीचा, पाटल्या घातलेला, मग पाटल्या नसलेला. हे सगळे मीच उतरवले होते. दर वेळी समोरून गेले होते आणि मी कधी थांबले नव्हते. तुझ्या बहिणीला मी आता हा हातच पाठवणार आहे. ती काय म्हणेल ते म्हणो.

जुम्याला नवरीची आई एकटी आली. निलोफरला मोबाइलवरून फोन लावला होता, ती तिकडून ऐकत होती. मी कॉम्प्युटर लावून दिला आणि मागे उभी राहिले. पहिला फोटो मी काढून टाकायला हवा होता, तू कधी गिऱ्हाइकाला तो देत नव्हतीस. मी राहू दिला. ती बाई त्यावरच थांबली.

"हाऊ हात कोना शे?" तिने विचारलं.

"आपाना," मी म्हटलं.

तिने पुढचा फोटो लवकर लावला नाही. मोबाइलमधून निलोफर विचारत होती, अम्मी, काय आहे, काय आहे. आई म्हणाली, थांब, आपाला सलाम करते.

जाताना तिने धाकट्या मुलीचं सांगितलं. ईदनंतर मंगनी आहे. बायकांकडे फोटो काढायला कोणाला बोलवू, असं तिने मलाच विचारलं. मी पडद्याची कड धरून उभी राहिले. ती माझ्या खांद्यावर हात ठेवून गेली. मला खरंच माहीत नाही, आपा. मला दमायला होतं. माणसांत उभं राहायचं नुसतं मनात आणलं तरी हात पडदा शोधतो. तू असतीस तर अर्धंच वाक्य बोलली असतीस आणि या वेळी माझ्याकडे तव्यावर टाकायला काही नसतं.

आज मी कार्ड कॅमेऱ्यात घालून पुसलं. दोन जागी उतरलंय, म्हणून पुसलं. बॅगेच्या बाजूच्या खिशात त्या लग्नातला कापूस होता, तुझ्या मुठीत दाबलेला, मळलेला. तो तू परत पोत्यात टाकायचीस, पिंजला की पुन्हा नवा होतो म्हणून. मी तो हातात धरून बराच वेळ दुकानाच्या उंबऱ्यात उभी होते. तुझ्या भावाने पाहिलं, पोत्याचं तोंड उघडून धरलं. मी टाकला. कोणाच्या तरी रजईत जाईल.

मग त्याने न विचारता तू कापूस घ्यायचीस त्या दुसऱ्या पोत्यातून एक मूठ पांढराशुभ्र काढला आणि माझ्या हातावर ठेवला. मी तो बॅगेच्या खिशात भरला आणि ती खुंटीला लावली.